नाशिकमध्ये राहून कोलायटिसच्या औषधाच्या ट्रायलमध्ये भाग घेतला, त्याबद्दल

अल्सरेटिव्ह कोलायटिसवरच्या एका नवीन गोळीच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये मी भाग घेतलाय, इथेच नाशिकमध्ये, आणि घरच्यांपासून ऑफिसातल्यांपर्यंत इतक्या जणांनी त्याबद्दल विचारलं, कोणी काळजीने कोणी घाबरून, की एकदा सगळं बसून लिहायचं ठरवलं. औषधाचं आणि हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण ट्रायल अजून चालू आहे. बाकी जे जसं झालं तसं सांगते.

आधी आजाराबद्दल, कारण बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब, त्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जातं. गुदाशयापासून सुरू होतं आणि तिथून सलग वर चढत जातं, कोणाचं थोडंच आतडं धरतं, कोणाचं पूर्ण. क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार वेगळा, तो तोंडापासून खालपर्यंत कुठेही होऊ शकतो आणि मधेमधे चांगला भाग सोडून होतो. कोलायटिस संसर्गाने पसरत नाही, कोणाच्या ताटात जेवल्याने होत नाही, हे मुद्दाम लिहिते कारण माझ्या जावेच्या आईने माझा ग्लास वेगळा ठेवलेला मी पाहिलाय. आणि हा आजार जात नाही, शांत होतो आणि परत उसळतो.

मला सुरुवातीला मूळव्याध सांगितली. मग अमिबा. आपल्याकडे आव पडतेय रक्त पडतंय म्हटलं की मेट्रोनिडाझोलचा कोर्स हातात पडतो, तो संपला की दुसरा, थोडे दिवस बरं वाटतं मग परत तेच, आणि मधल्या काळात गावाकडे कोणी संग्रहणी म्हणून चूर्ण देतं. कोलोनोस्कोपी कोणी सुचवलीच नाही खूप दिवस, आणि सुचवली तेव्हा मी हिमोग्लोबिन आठवर घेऊन बसले होते. स्कोपी करून बायोप्सी घेतली तेव्हा नाव मिळालं. आपल्या देशात आतड्याचा टीबीही भरपूर, त्यामुळे डॉक्टरांना तोही आधी काढून टाकावा लागतो, तेवढा वेळ लागणारच हे मला आता समजतं, पण रक्त पडणाऱ्या बाईला वर्षभर फक्त गोळ्या बदलून देत राहणं मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

हा आजार असलेल्या माणसाचं शहर वेगळं असतं. मी इंदिरानगरला राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते, ऑफिस कॉलेज रोडच्या बाजूला. या रस्त्यावर कुठे टॉयलेट आहे, कोणत्या पेट्रोल पंपावर बायकांसाठी स्वच्छ आहे, कोणत्या हॉटेलवाल्याला विचारलं तर नाही म्हणत नाही, हे सगळं मला तोंडपाठ आहे. द्वारका सर्कलवर ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसलेली असताना कळ येणं म्हणजे काय हे ज्याला झालंय त्यालाच कळेल. रविवारी सगळे मिसळ खायला मळ्यात जातात तेव्हा मी घरी थांबते, कारण तिखटाचा प्रश्न बाजूलाच, तिथे शंभर माणसांत एक संडास असतो.

औषधं सगळी झाली होती. मेसालामिन, म्हणजे या आजाराची नेहमीची गोळी, पूर्ण डोसमध्ये, वरून एनिमा, मग स्टिरॉइड. स्टिरॉइडने दहा दिवसांत रक्त थांबायचं आणि डोस उतरवला की परत सुरू. चेहरा सुजला, झोप गेली, शुगर वर गेली. मग स्टिरॉइड सुटावं म्हणून अझाथायोप्रिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, सुरू केली आणि काही आठवड्यांत माझे केस अक्षरशः मुठीने यायला लागले. कंगवा लावायची भीती वाटायची. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केली तर पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या खाली. गोळी लगेच बंद केली आणि डॉक्टरांनी एक जनुकाची टेस्ट पाठवली, एनयूडीटी१५ नावाची.

या टेस्टबद्दल मला थोडं लिहायचंय कारण माझा ट्रायलचा निर्णय खरं तर इथे झाला. अझाथायोप्रिन शरीरात मोडायला काही एन्झाइम लागतात. पाश्चात्त्य देशांत टीपीएमटी नावाच्या जनुकाची टेस्ट आधी करतात, त्यात दोष असेल तर डोस कमी करतात किंवा औषध देतच नाहीत. पण आशियातल्या लोकांत टीपीएमटी नॉर्मल असूनही पेशी पडायच्या, केस जायचे, आणि का ते कळत नव्हतं. २०१४ साली कोरियातल्या संशोधकांनी त्यांच्या क्रोन्सच्या पेशंटचं रक्त तपासून एनयूडीटी१५ मधला बदल शोधला. तो युरोपीय वंशाच्या लोकांत फारच कमी, आपल्याकडे आणि पूर्व आशियात बराच जास्त. माझा रिपोर्ट आला, त्यात तो बदल होता. डॉक्टर म्हणाले, ताई, ही टेस्ट दहा-पंधरा वर्षांपूर्वी नव्हतीच, तेव्हा आम्हाला फक्त पेशी पडल्यावर कळायचं.

मी घरी येऊन बराच वेळ त्यावर विचार केला. कोरियातल्या कुठल्यातरी पेशंटने, ज्याचे कदाचित माझ्यासारखेच केस गेले असतील, त्याने एका संशोधनासाठी रक्त दिलं होतं, सही केली होती, आणि त्यामुळे नाशिकमधल्या एका बाईला कळलं की हे औषध तिच्यासाठी नाही. आणि दुसरी बाजू अशी की आपल्या लोकांनी संशोधनात भागच घेतला नाही तर आपल्या शरीरात औषध कसं वागतं हे दुसऱ्यांच्या शरीरावरूनच ठरवलं जाणार.

पुढचा पर्याय बायोलॉजिकचा होता, म्हणजे शिरेतून किंवा इंजेक्शनने द्यायची औषधं. भारतीय बायोसिमिलर, म्हणजे त्यांच्यासारखीच इथे बनवलेली औषधं, आल्यापासून किमती कमी झाल्यात तरी आमच्या घराला तो खर्च कायमचा झेपणारा नव्हता, शिवाय छुपा टीबी जागा व्हायची भीती. त्या व्हिजिटला डॉक्टरांनी सांगितलं की आमच्या हॉस्पिटलला एक ट्रायल सुरू होतेय, फेज थ्री, तोंडाने घ्यायची गोळी, तुम्ही त्यात बसू शकता, घरी जाऊन विचार करा, माझ्याकडून काही दबाव नाही. फेज थ्री म्हणजे आधीच्या टप्प्यांत थोड्या लोकांना देऊन सुरक्षितता आणि डोस बघून झालेला असतो, आता मोठ्या संख्येत खरंच उपयोग होतो का ते बघायचं.

घरी वादळ झालं. आई निफाडला असते, तिने फोनवरच रडायला सुरुवात केली, "पैसे नाहीत म्हणून माझ्या लेकीवर प्रयोग करणार का, दादा देईल पैसे, तू सही करू नकोस." सासूबाई काही बोलल्या नाहीत पण संध्याकाळी देवापुढे जास्त वेळ बसल्या. ह्यांचं म्हणणं होतं की आधी कागद घरी आण, वाचू, मग ठरवू. ते मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं.

कागद म्हणजे माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठीत, चांगलं जाडजूड. भाषा जरा सरकारी, काही वाक्यं दोनदा वाचावी लागतात, पण सगळं असतं त्यात. आम्ही दोघं रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर घेऊन बसायचो आणि पेन्सिलने खुणा करायचो. त्यात लिहिलं होतं की तीनातल्या दोघांना खरं औषध मिळेल आणि एकाला प्लासिबो, म्हणजे दिसायला अगदी तशीच पण औषध नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे मलाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. मेसालामिन दोघांनाही चालूच राहणार. आठ आठवड्यांनी फरक नसेल तर उघडपणे खरं औषध घेता येईल. मधे त्रास वाढला तर ट्रायलची गोळी थांबवून नेहमीची ट्रीटमेंट सुरू करतील. मी केव्हाही, कारण न सांगता बाहेर पडू शकते आणि त्याचा माझ्या पुढच्या उपचारांवर काही परिणाम होणार नाही. औषधामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई, हे नुसतं कंपनीचं आश्वासन नाही, २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये ते बंधनकारक आहे. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे पेशंटच्या हक्कांवर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीच्या, सेक्रेटरींचा नंबर. ही कमिटी निदान सात जणांची असावी लागते, त्यात हॉस्पिटलबाहेरचे निम्मे, एक कायद्याचा माणूस, एक सामान्य नागरिक. मी त्या नंबरवर फोन केला होता, खरंच कोणी उचलतं का बघायला. उचलला, आणि माझे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले.

अजून एक गोष्ट ह्यांनी शोधली. भारतात चालणारी प्रत्येक ट्रायल सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियावर नोंदवावी लागते, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची ती रजिस्ट्री २००७ पासून आहे आणि औषधांच्या ट्रायल्ससाठी नोंदणी जून २००९ पासून सक्तीची झाली. संमतीपत्रावरचा नंबर तिथे टाकला की ट्रायल कुठे कुठे चालू आहे, कोणत्या एथिक्स कमिटीने मंजूर केली, काय मोजणार आहेत, सगळं दिसतं. आमच्या हॉस्पिटलचं नाव तिथे दिसलं तेव्हा आईला फोन करून सांगितलं. तिचं समाधान त्याने झालं नाही पण रडणं थांबलं.

प्लासिबोवर मात्र माझं मन अडकलं होतं. इतका त्रास होत असताना नुसती पिठाची गोळी घ्यायची, हे कसं बरोबर? मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला इतकं पटलं की मी नंतर स्वतःही त्याबद्दल वाचलं. या आजारात आपोआप चढउतार होतात, शिवाय नियमित तपासणी, कोणीतरी लक्ष देतंय ही भावना, यानेही फरक पडतो, कोलायटिसच्या ट्रायल्समध्ये प्लासिबो घेणाऱ्यांपैकीही साधारण तीनातल्या एकाला बरं वाटल्याचं दिसतं. मग तुलनेला दुसरा गट नसेल तर कुठलंही औषध गुणकारीच वाटणार.

अशी तुलना करणारी एक जुनी ट्रायल मी वाचली, १९५५ साली इंग्लंडमध्ये ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी २१० पेशंटवर कॉर्टिसोन या स्टिरॉइडची ट्रायल पूर्ण करून छापली. निम्म्यांना कॉर्टिसोन, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं. खऱ्या औषधाने शंभरात ४१ जणांची लक्षणं गेली, दुसऱ्या गटात १६ जणांची. तेव्हा हा आजार जोरात उसळला की माणसं मरायची. मी ज्या स्टिरॉइडला इतक्या शिव्या घातल्या, त्यामुळे मी जिवंत आहे असंही म्हणता येईल, आणि ते चालतं हे त्या २१० लोकांमुळे कळलं.

मेसालामिनची गोष्ट तर अजून जवळची. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या डॉक्टरबाईंनी १९४० च्या आसपास सांधेदुखीसाठी सल्फा आणि सॅलिसिलेट जोडून सल्फासालाझिन आणलं, आणि त्याने कोलायटिसच्या पेशंटना बरं वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं. पण त्यातला कुठला भाग काम करतो हे पुढे कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. मग १९७७ मध्ये ऑक्सफर्डला ए. के. आझाद खान या बांगलादेशच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशंटचे गट करून कोणाला अख्खं औषध, कोणाला नुसता सल्फाचा भाग, कोणाला दुसरा भाग असं एनिमातून दिलं, आधी आणि नंतर आतून तपासलं. दुसरा भाग काम करतो असं निघालं, तेच मेसालामिन. सल्फामुळे होणारी मळमळ, डोकेदुखी, पुरळ टाळता यायला लागलं. रोज सकाळी चहानंतर मी जी गोळी घेते ती कोणीतरी असाच एनिमा घेऊन, आपल्याला कुठला भाग मिळतोय हे माहीत नसताना, टेबलावर आडवं पडून मिळवून दिलेली आहे. त्या लोकांची नावं कुठेच नाहीत. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं, अगदी मनापासून.

म्हणून सही केली. सही करताना व्हिडिओ शूटिंग होतं, डॉक्टर एकेक मुद्दा समजावतात, आपण समजलं का ते आपल्या शब्दांत सांगायचं. सॅम्पल पुढच्या संशोधनासाठी साठवून ठेवायला वेगळी संमती असते, हो किंवा नाही असे दोन चौकोन, तिथे नाही म्हटलं तरी ट्रायलमध्ये राहता येतं. मी हो केलं. एक प्रत आपल्याला मिळते, ती मागून घ्या, फाइलला लावा.

मग स्क्रीनिंग. रक्ताच्या इतक्या नळ्या घेतात की बघून चक्कर यावी, हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, लिव्हर, किडनी, टीबीसाठी रक्ताची टेस्ट आणि छातीचा एक्स-रे, ईसीजी, माझ्या वयाच्या बायकांना प्रेग्नन्सी टेस्ट. शौचाचं सॅम्पल दोन कामांसाठी, एक तर सी. डिफिसिल नावाच्या जंतूचं किंवा दुसरं इन्फेक्शन नाही ना बघायला, कारण त्यानेही अशीच लक्षणं येतात, आणि दुसरं कॅलप्रोटेक्टिनसाठी. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रोटीन, आतड्यात सूज असली की त्या पेशी तिथे जमतात आणि ते शौचात उतरतं. साधारण ५० च्या खाली नॉर्मल धरतात, माझं हजाराच्या वर होतं. रक्ताच्या नळ्या तिथेच फिरवून बारकोड लावून ड्राय आइसमध्ये पॅक होऊन बाहेरच्या लॅबला जातात, कोऑर्डिनेटर मुलगी तो डबा असा सांभाळायची की माझं मन भरून यायचं.

कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवसाबद्दल लोक फार विचारतात. पावडर पाण्यात मिसळून दोन लिटर प्यायची, चव खारट-गुळचट, थंड करून थोडं थोडं पिलं तर जातं. पहाटेपर्यंत संडासच्या वाऱ्या. स्कोपी करताना झोपेचं इंजेक्शन देतात, बायोप्सीचा चिमटा लागत नाही कारण आतड्याच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, दुखतं ते आत हवा भरून आतडं ताणलं की. ज्यांना हा आजार ८ वर्षांहून जुना आहे त्यांनी तर तपासणी टाळूच नये, कॅन्सरचा धोका वाढलेला असतो आणि लवकर दिसलं तर वेळेत काढता येतं.

ट्रायलमध्ये वेगळेपण असं की स्कोपीचा व्हिडिओ दुसरीकडे बसलेल्या तज्ज्ञाकडे जातो ज्याला माझं नाव, माझी लक्षणं, मी कुठल्या आठवड्यात आहे काहीच माहीत नसतं. तो नुसतं अस्तर बघून ० ते ३ मध्ये मार्क देतो. इथल्या डॉक्टरांना मी बरी व्हावी असं वाटत असणारच, आणि ते वाटणं मार्कांत उतरू नये म्हणून ही सोय. मला हे फार आवडलं.

वेटिंगमध्ये मालेगावहून आलेली एक बाई भेटायची, दोघींचं सगळं सारखंच, तिच्याशी बोलून जितकं हलकं वाटलं तितकं कोणाशीच नाही. तिची टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि तिला ट्रायलमध्ये घेता आलं नाही. छुपा टीबी, त्रास काही नव्हता, पण आता तिला त्यासाठी औषध सुरू झालं आणि ते महत्त्वाचंच होतं. तरी तिचा चेहरा आठवतो. इतकी तयारी करून आलेली.

मला घेतलं. कॉम्प्युटरने नंबर दिला, त्या नंबरचा डबा आला, त्यात गोळ्या. त्या क्षणी कोणालाच माहीत नाही काय आहे त्यात.

आणि मग डायरी. सगळ्या ट्रायलमध्ये मला सर्वात अवघड वाटलं ते हे, सुया आणि स्कोपी नाही. रोज रात्री लिहायचं, आज किती वेळा संडासला गेले आणि रक्त किती. आजार किती जोरात आहे ते मोजणाऱ्या मेयो स्कोअरचे हे दोन भाग. त्यात किती वेळा याचे मार्क ठरवताना आजाराआधी तुमचं नॉर्मल किती होतं ते विचारतात, त्याहून एक-दोन जास्त असेल तर १ मार्क, तीन-चार जास्त तर २, पाच किंवा अधिक तर ३. मला पहिल्या दिवशी विचारलं, ताई तुमचं नॉर्मल किती? आणि मला आठवेना. मी तिथे खुर्चीत बसून खरंच आठवत राहिले, लग्नाआधी, मुलगी व्हायच्या आधी, नोकरी लागली तेव्हा, सकाळी उठून एकदा जाऊन आलं की दिवसभर त्याचा विचारही मनात नसायचा असे दिवस होते माझे, आणि ते मी विसरून गेले होते. डोळ्यात पाणी आलं. ती मुलगी थांबली, पाणी दिलं, म्हणाली सावकाश सांगा. मग म्हटलं, एकदा.

रक्ताचंही तसंच, नाही तर ०, थोड्या रेषा आणि तेही निम्म्याहून कमी वेळा तर १, बहुतेक वेळा स्पष्ट रक्त तर २, नुसतंच रक्त तर ३. आपण या गोष्टी कधी बोलत नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, डॉक्टरांनाही "थोडं पोट बिघडलंय" एवढंच. इथे रोज आकड्यात लिहायचं. आणि खरं लिहायचं, हे मी स्वतःला बजावलं होतं, कारण बरं वाटावं म्हणून एक कमी लिहिलं किंवा लक्ष वेधावं म्हणून एक जास्त लिहिलं तर तो आकडा शेकडो लोकांच्या आकड्यांत मिसळून उद्या कोणाच्या तरी प्रिस्क्रिप्शनपर्यंत जाणार. काही रात्री इतकी थकलेली असायचे, पण डायरी लिहूनच झोपायचे.

हळदीचं सांगते, कारण ते प्रत्येक जण मला सांगतो. हळदीचं पाणी पी, हळदीचं दूध पी. ट्रायलमध्ये काढे, चूर्ण, हर्बल गोळ्या काहीही घेत असाल तर सांगावं लागतं आणि बऱ्याच गोष्टी बंद ठेवाव्या लागतात, स्वयंपाकातल्या हळदीला हरकत नाही. पण हळदीवरही संशोधन झालेलंच आहे आणि तेही याच पद्धतीने. २०१५ मध्ये इस्राएल, हाँगकाँग आणि सायप्रसमधल्या डॉक्टरांनी ५० पेशंटवर मेसालामिनच्या जोडीला रोज ३ ग्रॅम करक्युमिन देऊन पाहिलं, प्लासिबोपेक्षा चांगला फरक दिसला. आणि दिल्लीच्या एम्सने २०१७ मध्ये कमी डोसची, रोज ४५० मिलिग्रॅमची ट्रायल छापली, त्यात प्लासिबोपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. आता स्वयंपाकातल्या हळदीत करक्युमिन असतं शंभरात तीनेक भाग, म्हणजे ३ ग्रॅमसाठी १०० ग्रॅमच्या आसपास हळद रोज खावी लागेल. तेव्हा दुधात चिमूटभर हळद म्हणजे औषध झालं असं नाही. मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, अगं मग एम्सवाल्यांनी ते छापलं कशाला, फायदा नाही तर? मी म्हटलं आई, म्हणूनच छापलं. त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून त्या मला डायरी लिहिलीस का विचारायला लागल्या.

काहीही झालं तर कळवायचं असतं, सर्दी झाली, पाय मुरगळला, तरी. मला मधे ताप आला तीन-चार दिवस, नाशिकमध्ये तेव्हा व्हायरल सगळीकडेच होता, तरी हॉस्पिटलने बोलावून रक्त तपासलं, गोळी चालू ठेवायची का यावर डॉक्टर फोनवर कोणाशी तरी बोलले. ॲडमिट व्हावं लागलं किंवा जिवावर बेतलं तर डॉक्टरांना २४ तासांत कंपनीला, एथिक्स कमिटीला आणि सरकारच्या औषध नियंत्रकांना कळवावं लागतं. मला तसं काही झालं नाही. रिकामी पाकिटं परत द्यायची, उरलेल्या गोळ्या मोजतात. पैसे विचारणाऱ्यांसाठी, येण्याजाण्याचा खर्च आणि ट्रायलच्या तपासण्या त्यांच्याकडून, बाकी काही मिळत नाही आणि मिळूही नये असं मला वाटतं, पैशांसाठी कोणी सही करायला लागला तर त्याचं हो हे खरं हो राहत नाही.

आठव्या आठवड्यात परत स्कोपी झाली, यावेळी खालच्या भागापुरती, सिग्मॉइडोस्कोपी, एनिमावर भागलं. मला फरक पडलाय. रक्त थांबलं आधी, मग संख्या उतरली. रात्री उठावं लागत नाही. मुलीबरोबर पहिल्यांदा बसने त्र्यंबकेश्वरला जाऊन आले, वाटेत कुठे थांबावं लागलं नाही. ही गोळी खरी म्हणून, की प्लासिबोनेही बरं वाटणाऱ्या त्या तीनातल्या एकीत मी, की आजारच आपोआप शांत झाला, हे मला सांगता येत नाही आणि तसं सांगणारही नाही. कॅलप्रोटेक्टिनचे आकडे आता आम्हाला दाखवत नाहीत, डॉक्टरांनाही नाही, कारण आकडा पाहून कोण कुठल्या गटात याचा अंदाज बांधला जाऊ शकतो. कोणी म्हणेल माझं शरीर आणि मलाच रिपोर्ट नाही, पण मला ते आधी समजावलेलं होतं आणि मान्य होतं.

सगळ्या देशांतल्या सगळ्या पेशंटचं पूर्ण झालं की कोणाला काय मिळालं त्याचा कोड उघडतील. मला काय मिळत होतं ते तेव्हा सांगा अशी मी कोऑर्डिनेटरला विनंती केलीय, तिने फाइलमध्ये नोंद केली. निकाल चांगला येवो वाईट येवो, सीटीआरआयवर बघत राहणार.

पुढची व्हिजिट गुढीपाडव्यानंतर आहे. ज्यांना ट्रायलबद्दल विचारलं गेलंय आणि ठरत नाहीये त्यांनी संमतीपत्र घरी आणावं, घरच्या कोणाबरोबर तरी बसून पूर्ण वाचावं, मधे त्रास वाढला तर काय करणार आणि ट्रायल संपल्यावर औषध मिळणार का हे दोन प्रश्न तरी डॉक्टरांना विचारावेत, आणि उत्तर पटलं नाही तर नाही म्हणावं. मला कोणी विचारलं तर मी फोनवरही बोलते, संध्याकाळी सातनंतर, ऑफिसातून आल्यावर.